गळ्यातल्या छोट्या मेडलमागची सिस्टर : ४६ वर्षं गुपित सांभाळणारी कॅथरीन लाबूरे

वसई, वांद्रे किंवा गोव्यात चर्चबाहेर मेणबत्त्या आणि जपमाळा विकणारे बसलेले असतात. त्यांच्याकडे एक छोटं, लंबगोल मेडल तुम्ही कदाचित पाहिलं असेल. एका बाजूला हात खाली पसरून उभी असलेली मरियामाता, तिच्या हातांतून निघणारे किरण आणि पायाखाली साप. दुसऱ्या बाजूला रोमन लिपीतलं एम हे अक्षर, त्यावर क्रूस, खाली दोन हृदयं आणि कडेने बारा तारे.

कोणी ते साखळीत घालून गळ्यात घालतं, कोणी पाकिटात ठेवतं, कोणी आजारी माणसाच्या उशाशी ठेवतं. त्याला मिरॅक्युलस मेडल म्हणतात, म्हणजे चमत्कारी मेडल.

नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की मग हा ताईताचाच एक प्रकार झाला का?

कॅथलिक चर्चचं उत्तर आहे, नाही. पण हे उत्तर नीट समजून घ्यायचं असेल, तर ज्या बाईमुळे हे मेडल तयार झालं तिचं आयुष्य पाहायला हवं. तिचं नाव कॅथरीन लाबूरे. जगभर कोट्यवधी लोक हे मेडल घालत होते, तेव्हा ती पॅरिसच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करत होती, कोंबड्या सांभाळत होती. आणि हे मेडल हिच्यामुळे आलं, हे तिच्यासोबत राहणाऱ्या सिस्टरांनाही माहीत नव्हतं.

शेतकऱ्याच्या घरातली मुलगी

कॅथरीनचा जन्म २ मे १८०६ रोजी फ्रान्समधल्या बर्गंडी भागात, फां-ले-मूतिये नावाच्या लहानशा गावात झाला. घरात तिला झोए म्हणत. वडील पियेर लाबूरे हे खाऊनपिऊन सुखी असलेले शेतकरी होते. घर मुलाबाळांनी भरलेलं होतं.

१८१५ च्या ऑक्टोबरमध्ये आई वारली. तेव्हा कॅथरीन ९ वर्षांची होती. त्यानंतर एकदा ही मुलगी खुर्चीवर चढली, उंचावर ठेवलेल्या मरियेच्या मूर्तीला तिने मिठी मारली आणि आता तूच माझी आई, असं मनाशी ठरवलं, अशी आठवण तिच्या चरित्रांत सांगितली जाते. पुढे जे घडलं त्याचं मूळ अनेकजण या प्रसंगात शोधतात.

दोन वर्षं ती आत्याकडे राहिली. मग मोठी बहीण धर्मभगिनी व्हायला निघाली आणि घरची सगळी जबाबदारी १२ वर्षांच्या कॅथरीनवर आली. गाईंच्या धारा काढणं, गड्यांचं जेवण रांधून शेतावर पोचवणं, भाकऱ्यांऐवजी पाव भाजणं, शेकडो कबुतरांचा खुराडा सांभाळणं, ही तिची रोजची कामं. शाळेत जाणं जवळपास झालंच नाही. लिहायला-वाचायला ती खूप उशिरा शिकली, आणि तेही जेमतेमच.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या बोलण्यावर विश्वास का बसत नव्हता, त्याचं एक कारण इथेच आहे.

वडिलांचा नकार

तरुणपणी तिला एक स्वप्न पडलं. एक म्हातारे धर्मगुरू मिस्सा करत आहेत आणि तिला जवळ बोलावत आहेत. ती घाबरून पळाली. आज तू माझ्यापासून पळतेस, पण एक दिवस आनंदाने माझ्याकडे येशील, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. हे कोण, ते तिला कळलं नाही.

पुढे शातियों-स्यूर-सेन या गावी डॉटर्स ऑफ चॅरिटी या संस्थेच्या घरात तिने भिंतीवर एक चित्र पाहिलं. तेच ते म्हातारे! ते होते संत विन्सेंट डी पॉल, या संस्थेचे संस्थापक. मुंबई-वसईतल्या अनेक चर्चमध्ये गरिबांना मदत करणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी असते, तिला ज्यांचं नाव आहे तेच हे संत. १६३३ मध्ये त्यांनी लुईझ द मारियाक यांच्यासोबत डॉटर्स ऑफ चॅरिटीची सुरुवात केली. या सिस्टर मठाच्या भिंतींआड राहत नसत. आजारी, अनाथ आणि म्हाताऱ्यांमध्ये जाऊन काम करत.

कॅथरीनला तिथेच जायचं होतं. पण वडिलांनी साफ नकार दिला. एक मुलगी आधीच गेली होती, आणि घर सांभाळणारी ही दुसरीही जाणार म्हटल्यावर त्यांना ते मान्य नव्हतं. तिचं मन वळावं म्हणून १८२८ मध्ये त्यांनी तिला पॅरिसला भावाकडे धाडलं. भाऊ मजुरांसाठी खानावळ चालवायचा. तिथे ती वाढप्याचं काम करू लागली. मन वळलं नाहीच, उलट शहरातली गरिबी तिने जवळून पाहिली. शेवटी भावा-वहिनींच्या मदतीने वडिलांचा विरोध मावळला. १८३० च्या जानेवारीत ती उमेदवार म्हणून संस्थेत गेली आणि २१ एप्रिल १८३० रोजी पॅरिसला, र्यू द्यू बाक या रस्त्यावरच्या मुख्य घरात दाखल झाली. तेव्हा ती २४ वर्षांची व्हायची होती.

१८३० मध्ये नेमकं काय झालं?

आता येतो या गोष्टीचा वादाचा भाग. पुढचं सगळं कॅथरीनने सांगितलं आणि नंतर लिहून दिलं, त्यावर आधारलेलं आहे. तिचे लिखित वृत्तांत १८४१, १८५६ आणि १८७६ सालचे आहेत, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेले. दुसरा कोणी साक्षीदार नव्हता.

तिच्या सांगण्यानुसार १८ जुलै १८३० च्या रात्री साडेअकराच्या सुमारास पांढऱ्या कपड्यातल्या एका लहान मुलाने तिला उठवलं आणि चॅपेलमध्ये नेलं. तिथे मरियामाता येऊन खुर्चीवर बसली. कॅथरीनने तिच्या मांडीवर हात टेकले आणि दोघी बराच वेळ बोलल्या. वाईट दिवस येणार आहेत, सिंहासन उलथणार आहे, असं तिला सांगण्यात आलं. ९ दिवसांनी, २७ जुलैला पॅरिसमध्ये क्रांती सुरू झाली. तीन दिवस रस्त्यावर लढाई झाली आणि राजा दहावा चार्ल्स याला सत्ता सोडावी लागली.

दुसरा प्रसंग २७ नोव्हेंबर १८३० चा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सगळ्या सिस्टर चॅपेलमध्ये ध्यानाला बसल्या होत्या. कॅथरीनला मरियामाता पृथ्वीच्या गोलावर उभी दिसली. बोटांतल्या अंगठ्यांमधून किरण बाहेर पडत होते. भोवती लंबगोल चौकट तयार झाली आणि तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत एक छोटी प्रार्थना उमटली. मग चित्र उलटं फिरलं आणि मागची बाजू दिसली. या नमुन्याचं मेडल घडवून घे, विश्वासाने ते घालणाऱ्यांना मोठी कृपा मिळेल, असा आदेश तिला मिळाला.

एक बारकावा मात्र विसरू नका. काही अंगठ्यांच्या खड्यांमधून किरण येत नव्हते. लोक जी कृपा मागायलाच विसरतात ती ही, असा त्याचा अर्थ तिला सांगण्यात आला. म्हणजे पहिल्या क्षणापासून भर मागण्यावर, प्रार्थनेवर होता. नुसत्या धातूच्या तुकड्यावर नव्हता.

मेडलवरच्या खुणांचा अर्थ काय?

हे मेडल म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसासाठीही समजेल असं छोटं पुस्तक आहे. एकेक खूण पाहू.

पायाखालचा साप हा बायबलच्या पहिल्याच पुस्तकातला, आदाम आणि हव्वेला भुलवणारा साप. तो वाईटाचं प्रतीक आहे. मरिया त्याला पायाखाली दाबते, म्हणजे देवाच्या मदतीने वाईटावर मात होते.

हातांतून निघणारे किरण म्हणजे तिच्या विनवणीमुळे माणसांना मिळणारी देवाची कृपा. इथे कॅथलिक शिकवण नेमकी समजून घ्यायला हवी. कृपा देणारा देवच. मरिया ही माणसांसाठी देवापाशी रदबदली करणारी आई.

कडेच्या प्रार्थनेत मरियेला पापाविना गर्भात आलेली असं संबोधलं आहे आणि तिच्याकडे धाव घेणाऱ्यांसाठी विनंती करायला सांगितलं आहे. इथे अनेकांची गफलत होते. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारिकेपोटी झालेला जन्म नव्हे. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली, तेव्हापासूनच ती मूळ पापापासून मुक्त होती, असा त्याचा अर्थ. १८३० मध्ये ही शिकवण लोकांच्या भक्तीत होती, पण सर्व कॅथलिकांना बंधनकारक असा धर्मसिद्धान्त झालेली नव्हती. पोप नववे पायस यांनी तसं जाहीर केलं ते ८ डिसेंबर १८५४ रोजी. तोवर हे मेडल लाखो गळ्यांत ती प्रार्थना घेऊन फिरत होतं.

मागच्या बाजूचं एम हे मरियेचं अक्षर. त्यात गुंफलेल्या आडव्या दांडीवर क्रूस उभा आहे. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा आई पायथ्याशी उभी होती, त्याची ही आठवण. खाली दोन हृदयं आहेत. काट्यांच्या मुकुटाने वेढलेलं हृदय येशूचं, तलवारीने भोसकलेलं हृदय मरियेचं. बारा तारे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, म्हणजे प्रकटीकरणातून येतात. तिथे बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली एक स्त्री वर्णिलेली आहे.

जाता जाता एक गंमत. युरोपच्या निळ्या झेंड्यावर बारा तारे आहेत. त्याच्या रचनेत सहभागी असलेल्या आर्सेन हाइट्झ या कलाकाराने आपल्याला या मेडलवरून कल्पना सुचल्याचं उतारवयात सांगितलं. अधिकृत स्पष्टीकरण मात्र वेगळं आहे. त्यानुसार बारा हा पूर्णत्वाचा आकडा आहे, धर्माचा त्याच्याशी संबंध नाही.

विश्वास कोणी ठेवला? सुरुवातीला कोणीच नाही

कॅथरीनने हे सगळं फक्त एका माणसाला सांगितलं. पापनिवेदन ऐकणारे तिचे धर्मगुरू, फादर जां-मारी अलादेल. ते स्वतः तिशीतले होते. खेड्यातून आलेल्या, जेमतेम शिकलेल्या नवशिक्या मुलीच्या कल्पनेचे खेळ, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला हे डोक्यातून काढून टाकायला सांगितलं.

त्यांना लगेच दोष देऊ नका. धर्मगुरूने अशा वेळी संशय घेणं हीच चर्चची रीत आहे. दर्शन झालं असं म्हणणारे अनेक येतात आणि त्यातले बहुतेक दावे टिकत नाहीत. आजही चर्चने मान्य केलेल्या दर्शनांवर विश्वास ठेवणं कोणत्याही कॅथलिकाला सक्तीचं नाही.

कॅथरीनने हट्ट सोडला नाही. पण एक अट घातली. तिचं नाव कोणालाही कळता कामा नये.

१८३१ च्या सुरुवातीला तिला संस्थेचा पोशाख मिळाला आणि पॅरिसच्याच पूर्व भागातल्या रय्यी वस्तीत, आँगियां वृद्धाश्रमात तिची नेमणूक झाली. तिथूनही ती फादरांच्या मागे लागली. अखेर अलादेल पॅरिसचे आर्चबिशप द केलें यांच्याकडे गेले. या मेडलमध्ये श्रद्धेच्या विरोधात काही नाही, तेव्हा ते करायला हरकत नाही, असं आर्चबिशपांनी ठरवलं. दर्शन खरं की खोटं, यावर त्यांनी तेव्हा निर्णय दिला नाही. मेडल चांगलं आहे का, एवढंच पाहिलं.

पॅरिसमधले सोनार-घडाईकार आद्रियां वाशेत यांच्याकडे काम गेलं. ३० जून १८३२ रोजी पहिली १,५०० मेडलं तयार होऊन आली.

कॉलऱ्याचं साल

त्या वर्षी पॅरिसमध्ये काय चाललं होतं, हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मार्च १८३२ च्या अखेरीस शहरात कॉलरा शिरला. काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त माणसं मेली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत गेलेला असायचा. दूषित पाण्यामुळे हा रोग पसरतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. कोणीतरी विष कालवतंय अशा अफवा उठल्या आणि त्यात जमावाने काही निरपराधांना मारूनही टाकलं.

कोविडच्या दिवसांतल्या अफवा आणि भीती आपण पाहिली आहे. त्यामुळे ही अवस्था समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही.

अशा शहरात डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या सिस्टर आजाऱ्यांची सेवा करत होत्या. त्यांनी ही नवी मेडलं रुग्णांना आणि शेजाऱ्यांना वाटायला सुरुवात केली. बरे झाल्याच्या, मनं पालटल्याच्या गोष्टी पसरू लागल्या. मेडलचं मूळ नाव निष्कलंक गर्भसंभवाचं मेडल असं होतं. चमत्कारी हे नाव लोकांनी दिलं आणि तेच टिकलं.

मागणी किती वाढली? १८३५ पर्यंत १० लाखांहून जास्त आणि १८३९ पर्यंत १ कोटीहून जास्त मेडलं जगभर गेली, असं र्यू द्यू बाकच्या चॅपेलकडून सांगितलं जातं. कॅथरीनच्या मृत्यूपर्यंत हा आकडा १०० कोटींपुढे गेल्याचं ते सांगतात. पोलादी ठशांनी स्वस्त धातूवर भराभर छापता येणारं हे मेडल होतं. त्यामुळे ते मजुराला, मोलकरणीलाही परवडायचं.

मग मेडलने कॉलरा थांबवला का?

प्रामाणिक उत्तर असं, की हे सिद्ध करता येत नाही. साथी चढतात आणि ओसरतात. मेडल घातलेले किती वाचले आणि न घातलेले किती, याची मोजणी कोणी केली नव्हती. बरं झालेला माणूस आपली गोष्ट सांगतो, मेलेला सांगू शकत नाही, हेही खरं.

पण मेडल वाटणाऱ्या सिस्टर फक्त मेडल वाटून घरी जात नव्हत्या. ज्या रुग्णाजवळ जायला नातेवाईक घाबरत होते, त्याच्या उशाशी त्या बसत होत्या, त्याला पाणी पाजत होत्या, त्याची घाण काढत होत्या. मरणाऱ्याच्या हातात ठेवलेल्या त्या तुकड्याचा अर्थ, तू एकटा नाहीस, असा होता. मेडलचा वापर समजून घ्यायचा तर हे चित्र डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

रोमची घटना

१८४२ मध्ये या मेडलचं नाव युरोपभर गाजलं. आल्फाँस रातिस्बोन हा स्ट्रासबुर्गच्या श्रीमंत ज्यू सावकारी घराण्यातला तरुण रोममध्ये आला होता. त्याचा मोठा भाऊ कॅथलिक धर्मगुरू झाला होता, त्यामुळे आल्फाँसला चर्चचा रागच होता. एका परिचिताने त्याला आव्हान दिल्यासारखं हे मेडल गळ्यात घालायला लावलं. तुला हे खुळचटपणाचं वाटतं ना, मग घालायला काय हरकत आहे, असा तो सूर. त्याने हसत घातलं.

२० जानेवारी १८४२ रोजी सांत आंद्रेआ देल्ले फ्रात्ते या चर्चमध्ये आपल्याला मेडलवरच्या रूपात मरियेचं दर्शन झालं, असं त्याने सांगितलं. त्याने बाप्तिस्मा घेतला, पुढे तो धर्मगुरू झाला. चर्चने चौकशी करून त्याच वर्षी या घटनेला मान्यता दिली. त्या दोघा भावांनी उभ्या केलेल्या नोत्र-दाम द सियों या परिवाराचा रोख तेव्हा ज्यूंच्या धर्मांतराकडे होता. आज त्या परिवारातल्या सिस्टर ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात सलोखा आणि समज वाढवण्याचं काम करतात.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. श्रद्धा नसलेल्या माणसावर मेडलने परिणाम केला, तर ते जादूसारखंच झालं की! कॅथलिकांचं उत्तर असं, की त्या दिवसांत त्याच्यासाठी दुसरे लोक मनापासून प्रार्थना करत होते. देवाने ती ऐकली. धातूने काही केलं नाही.

ताईत आणि मेडल यांत फरक काय?

कॅथलिक धर्मात सात संस्कार आहेत. बाप्तिस्मा, पवित्र भोजन, विवाह वगैरे. त्यांच्यामार्फत देव प्रत्यक्ष कृपा देतो, अशी श्रद्धा आहे. मेडल त्या सातांत येत नाही. पवित्र पाणी, जपमाळ, राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख यांच्याच गटात ते येतं. या वस्तू माणसाचं मन प्रार्थनेसाठी आणि कृपा स्वीकारण्यासाठी तयार करतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, पण त्यामुळे धातूत कुठलीही शक्ती भरली जात नाही.

इतकंच नाही. प्रार्थना किंवा पवित्र खुणा यांचा परिणाम आतल्या भावनेशिवाय, केवळ बाहेरच्या कृतीने होतो असं मानणं म्हणजे अंधश्रद्धा, असं चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणातच म्हटलं आहे. म्हणजे हे मेडल घातलं की परीक्षेत पास, हरवलं की संकट, असं मानणारा कॅथलिक आपल्याच चर्चच्या शिकवणीबाहेर जातो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर वारकऱ्याची तुळशीची माळ आठवा. माळ घातली म्हणजे काम झालं, असं कोणी म्हणत नाही. उलट माळ घातली की वागणं बदलावं लागतं. ताईत माणसाकडून काही मागत नाही, माळ मागते. दोन्ही धर्मांचे विचार वेगळे आहेत, पण मेडलचं मूळ स्थान ताईतापेक्षा माळेच्या जवळचं आहे, एवढं यातून कळेल.

अशी मेडलं काही १८३० मध्येच सुरू झाली नाहीत. मध्ययुगातले यात्रेकरू तीर्थस्थळांहून शिशाचे छोटे बिल्ले आणून टोपीला लावत. संत बेनेडिक्ट यांच्या मेडलला अठराव्या शतकात पोपांनी मान्यता दिली. प्रवासी संत ख्रिस्तोफर यांचं मेडल गाडीत ठेवतात. प्रत्येकाची कथा निराळी, पण नियम तोच. मेडल आठवण करून देतं, काम प्रार्थनेने आणि जगण्याने व्हायचं असतं.

आणि कॅथरीन? ती कुठे होती?

ती आँगियां वृद्धाश्रमात होती. १८३१ पासून मरेपर्यंत, जवळपास ४६ वर्षं. हा आश्रम राजघराण्यातल्या जुन्या नोकरांसाठी होता. आधी तिने स्वयंपाकघर पाहिलं, मग कपडे, मग म्हाताऱ्या पुरुषांची सेवा. कोंबड्या, गाई आणि दाराची राखणही तिच्याकडे होती. शेतावर वाढलेल्या मुलीला यातलं काहीच नवं नव्हतं. दारू पिऊन येणाऱ्या, चिडचिड करणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती सांभाळून घ्यायची.

१८३६ मध्ये पॅरिसमध्ये चर्चतर्फे मेडलची रीतसर चौकशी झाली. फादर अलादेल यांनी साक्ष दिली. कॅथरीन पुढे आली नाही. ती सिस्टर कोण, याची संस्थेत कुजबुज चालायची. कोणी तिच्यावरच संशय घेतला तर ती विषय टाळायची.

याचा अर्थ लक्षात घ्या. नाव सांगितलं असतं तर तिच्या दाराशी रांगा लागल्या असत्या. लोकांनी तिच्या पाया पडून तिलाच चमत्कारी ठरवलं असतं. लाइक आणि फॉलोअर मोजण्याच्या आपल्या काळात हे जास्तच खटकेल, पण तिने तो मानही नाकारला आणि गर्दीही.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहर उपाशी पडलं. सिस्टरांनी भुकेल्यांना जेवू घातलं, जखमींची देखभाल केली. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा उठाव झाला, तेव्हा सिस्टरांना काही आठवडे घर सोडावं लागलं. कॅथरीन परत आली आणि पुन्हा तीच कामं सुरू झाली. तेव्हा ती ६५ वर्षांची होती.

राहून गेलेली एक गोष्ट

तिच्या मनाला एक सल होता. दर्शनात मरिया आधी हातात छोटा गोल धरून दिसली होती, जणू सगळं जग देवाला अर्पण करत आहे. मेडलवर मात्र हात खाली पसरलेलं रूपच आलं. गोल धरलेल्या रूपाची मूर्ती व्हावी, असं ती सांगत राहिली. फादर अलादेल यांनी ते केलं नाही आणि १८६५ मध्ये ते वारले.

१८७६ मध्ये, आपण आता फार दिवस जगणार नाही हे जाणवल्यावर, तिने वृद्धाश्रमाच्या प्रमुख सिस्टर जान द्युफेस यांना सगळं सांगितलं. सिस्टर द्युफेस तिच्याशी बऱ्याचदा कडकपणे वागत आल्या होत्या. आपल्या हाताखाली कोंबड्या सांभाळणारी म्हातारी सिस्टर कोण आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मूर्तीचं काम सुरू झालं. नमुना पाहून कॅथरीनचं समाधान झालं नाही, असं सांगतात. तिला जे दिसलं होतं त्याच्या जवळपासही ते पोचत नव्हतं.

३१ डिसेंबर १८७६ रोजी संध्याकाळी ती शांतपणे गेली. मग बातमी फुटली. ३ जानेवारी १८७७ ला तिला रय्यीच्या चॅपेलखाली पुरलं, तेव्हा वस्तीतली गरीब माणसं मोठ्या संख्येने आली होती.

पुढे काय झालं?

१९३३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला धन्य घोषित केलं. त्या वेळी कबर उघडली, तेव्हा शरीर चांगल्या अवस्थेत असल्याची नोंद झाली. २७ जुलै १९४७ रोजी पोप बारावे पायस यांनी तिला संतपद दिलं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दर्शन झालं एवढ्यावर चर्च कोणाला संत करत नाही. माणूस कसा जगला, ते तपासतं. कॅथरीनच्या बाबतीत तपासायला होती ती ४६ वर्षांची साधी, न कंटाळता केलेली सेवा.

आज तिचं शरीर पॅरिसमध्ये १४० र्यू द्यू बाक इथल्या चॅपेलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेलं आहे. मेडलचा सण २७ नोव्हेंबरला आणि तिचा सण दुसऱ्या दिवशी, २८ नोव्हेंबरला असतो.

भारताशी या मेडलचं नातं जोडलं ते सर्वांत जास्त मदर तेरेसा यांनी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या हे छोटं मेडल ठेवायच्या, मग तो मंत्री असो की रस्त्यावरचा रुग्ण. कोलकात्यात मरणाऱ्यांची सेवा करणाऱ्या त्या सिस्टरला हेच मेडल जवळचं वाटावं, यात नवल नाही. १८३२ च्या पॅरिसमध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांच्या हाती ते असंच आलं होतं.

तेव्हा हे मेडल कोणाच्या गळ्यात दिसलं, तर त्याला ताईत म्हणण्याआधी एकदा दोन्ही बाजू नीट पाहा. साप आहे, किरण आहेत, क्रूस आहे, दोन हृदयं आहेत, बऱ्याचदा १८३० हे सालही कोरलेलं असतं. ज्या सिस्टरमुळे ते घडलं, तिचं नाव मात्र त्यावर नाही. तिला ते तसंच हवं होतं.